कुंची

आमच्याकडे आधी शिलाई मशीन लागतं, मग घर.
झबली, टोपरी, दुपटी, लंगोट.
केळशीपासून आंजर्ल्यापर्यंत कुणाला दिवस गेले
की डॉक्टरीणबाईंच्या पाठोपाठ मला कळतं.

कापड दोनदा धुऊन घेते. खळ राहिली तर पुरळ उठतं.
शिवण बाहेरच्या अंगाला ठेवते,
नव्या कातडीला आतून काही टोचू नये म्हणून.
एवढंच माझं शास्त्र.

संध्याकाळी नवरा हर्णैहून येतो,
बर्फाच्या कारखान्यातून, बोटं बधिर.
चहाच्या कपाला धरून ती शेकतो
आणि चिंध्यांच्या ढिगात मांडी घालून बसतो.
मुलं वाटच बघत असतात.
पोफळीच्या विरीची होडी, तिला दुपट्याच्या काठाचं शीड.
उंडीच्या बियांचे डोळे लावलेलं मांजर,
की घुबड? त्यावर अजून भांडण आहे.
किमयाचे टाके लांब लांब, एस्टी गाठायची असल्यासारखे.
स्वरूपने कात्रीला हात लावायचा नाही असं ठरलंय,
म्हणून तो दातांनी दोरा तोडतो
आणि प्रत्येक प्राण्याला थोडी लाळ लागते.

जागृती पालशेतकर श्रावणात आली होती.
सातवा लागलेला. हिरवा खण स्वतः घेऊन.
"कुंची शिव. झालर लाव. बंद लांब ठेव,
वाऱ्याला उडता नये."
शंभर दिले, साठ बाकी.
मी पिवळी झालर लावली,
आत जुन्या लुगड्याचं अस्तर.
घडी घालून फळीवर ठेवली.

आश्विनात ती दापोलीच्या दवाखान्यातून
रिकाम्या हातांनी परत आली.
गावात कुणी काही बोललं नाही. मीही नाही.
कुंची आधी मागे सारली,
मग तिच्यावर वर्तमानपत्र,
मग बॉबिनचा डबा.
उसवून टाकावी म्हटलं, तर हात होईना.

पौषात ती मुलांना सापडली.
मी बाजारातून येते तो
पडवीत रुजत घातलेल्या नारळांतला एक
कुंची घालून पाटावर बसलेला.
कोळशाचं नाक. शेंडी पुढे ओढून केलेलं जावळ.
वीतभर कोंब झालरीतून बाहेर डोकावणारा.
"हा आजच झाला," किमया म्हणाली.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा.
तेवढ्यात बेड्याशी चप्पल वाजली.
जागृती. हातात ब्लाउजपीस.
तेव्हापासून पहिल्यांदाच.

मुलांना काय, कुणीही आलं की दाखवायचं.
स्वरूपने दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरला.
"मावशी, बाळ बघ. डोकं सांभाळ."

समुद्राचा आवाज आमच्याकडे असतोच,
ऐकू येतो तो अशा वेळी.
नवरा सुईत दोरा ओवत होता,
ओवतच राहिला.

ती खाली बसली. नारळ मांडीवर घेतला.
झालरीवरून बोट फिरवलं, मग अस्तरावरून.
खण तिचाच होता,
ओळखायला किती वेळ लागणार.

मग स्वरूपला म्हणाली, अगदी बारीक आवाजात,
"बंद केवढा आवळलास रे.
मान दुखेल त्याची."
आणि गाठ सोडवून
दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवून
पुन्हा बांधली.

ब्लाउज शुक्रवारी देईन म्हटलं.
बाह्या कोपरापर्यंत हव्यात, म्हणाली.
जाताना मशीनवर साठ रुपये ठेवले.
मी नको म्हणेपर्यंत बेडं लागलंही होतं.

नारळ अजून पडवीतच आहे.
कोंबाला दुसरं पान फुटलंय,
झालर एका बाजूने उसवत आली आहे.
किमया म्हणते, आता वाढत्या मापाची शिव.
मी टेप शोधते आहे.